आईबापांचं लग्न जुळवायला निघालेला मुलगा

२०१०च्या दिवाळीत, ५ नोव्हेंबरला, विपुल अमृतलाल शहा यांचा ‘अ‍ॅक्शन रिप्ले’ हा हिंदी चित्रपट लागला. त्यातल्या बंटीला लग्नाचं नाव नको आहे, कारण कळायला लागल्यापासून त्यानं आईबापांना एकमेकांशी भांडतानाच पाहिलंय. त्याच्या मैत्रिणीचे आजोबा शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांनी कालयंत्र तयार केलंय. बंटी त्यात शिरतो आणि थेट १९७५ सालात पोचतो. तिथं त्याचे वडील किशन म्हणजे लाजाळू, दबून राहणारा, मुलीसमोर तोंडातून शब्द न फुटणारा तरुण. आई माला मात्र बिनधास्त, कुणाला न जुमानणारी. मग हा मुलगा स्वतःच्या जन्मदात्याला हाताशी धरून कपडे, केशभूषा, चालणं, बोलणं सगळं शिकवतो. आईबापांचं प्रेमाविना झालेलं लग्न प्रेमाचं करायचं, म्हणजे घरी परतल्यावर सुखी संसार पाहायला मिळेल, हा त्याचा बेत.

अक्षयकुमार किशन, ऐश्वर्या राय माला आणि आदित्य रॉय कपूर बंटी. मूळ कल्पना त्याच नावाच्या गुजराती नाटकाची. तिकीटबारीवर चित्रपटाला फारसं यश मिळालं नाही, पुढे लोक तो विसरलेही. पण त्याच्या पोटात एक असा पेच आहे की त्याचा एक धागा ओढला तर भौतिकशास्त्र, आनुवंशिकी, भागवतातली एक कथा आणि जयंत नारळीकरांचं पानिपत असं सगळं त्याच्यामागून ओढलं जातं. मला तो पेचच सांगायचा आहे.

आधी एक योगायोग. या जातीच्या कथेचा जगप्रसिद्ध पूर्वज म्हणजे १९८५ चा ‘बॅक टू द फ्युचर’. त्यातला मार्टी नावाचा मुलगा १९८५ मधून १९५५ मध्ये जाऊन पडतो आणि त्यालाही आपल्या आईबापांचं जुळवावं लागतं. मार्टी भूतकाळात पोचतो ती तारीख आहे ५ नोव्हेंबर १९५५. बरोबर ५५ वर्षांनी, त्याच तारखेला, बंटीची गोष्ट आपल्या पडद्यावर आली. आदित्य रॉय कपूरचा जन्मही १९८५ मधलाच, मार्टीचा चित्रपट आला त्या वर्षीचा.

आणि बंटीच्या गोष्टीतल्या शास्त्रज्ञाचं नाव काय, तर प्रोफेसर अँथनी गोन्साल्विस. हे नाव प्रत्येक हिंदी सिनेरसिकाच्या कानात आहे ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांनी ते त्या गाण्यात आणलं, कारण ते त्यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव होतं. खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७ चा. हिंदी सिनेसंगीतातल्या वाद्यवृंदाला पाश्चात्त्य स्वरलेखनाची शिस्त लावणाऱ्या गोवेकर वादकांतलं हे मोठं नाव. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारी मैफल उभी केली, तिच्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. नंतर ते अमेरिकेला गेले, परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले. ‘अ‍ॅक्शन रिप्ले’ लागला तेव्हा ते माजोर्ड्यात हयात होते, २०१२ मध्ये गेले. एका माणसाचं नाव आधी गाण्यात आणि मग तेहेतीस वर्षांनी कालयंत्राच्या जनकाला मिळतं, ही त्या नावाचीच केवढी वाटचाल! शिवाय ती भूमिका केली रणधीर कपूर यांनी, जे १९७५ च्या आगेमागे स्वतः तरुण नायक होते. पडद्यावर १९७५ ला खरोखर जाऊन आलेला माणूस तोच.

आता मूळ पेच. किशन आणि माला यांचं लग्न कसंही झालं, भांडत किंवा प्रेमात, तरी त्यांच्या पोटी बंटीच जन्माला येईल, असं चित्रपट गृहीत धरतो. मार्टीच्या चित्रपटातही तेच: घर बदललं, बापाचा स्वभाव बदलला, पण पोरं तीच. आपणही खुर्चीत बसून हे सहज मान्य करतो. तेच आईबाप, मग मूल तेच. हे मान्य करण्यासारखं आहे का, ते जरा मोजून पाहू.

माणसाच्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून आलेलं, एक बापाकडून. बीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र त्यात जातं, आणि कोणतं जाईल हे दर वेळी नव्यानं ठरतं. म्हणजे २३ वेळा नाणं उडवायचं. त्यातून होणाऱ्या निरनिराळ्या बीजांची संख्या ८३,८८,६०८. एकट्या बापाकडून इतक्या शक्यता, तितक्याच आईकडून. दोन्हींचा गुणाकार केला तर सुमारे ७० लाख कोटी. एकाच जोडप्याच्या पोटी इतकी वेगवेगळी माणसं जन्मू शकतात, आणि हा आकडाही अपुरा आहे, कारण बीज तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं आपापसांत तुकड्यांची अदलाबदलही करतात. तेव्हा ही संख्या कल्पनेच्या पलीकडे जाते.

त्यात आणखी एक गोष्ट. स्त्रीबीज साधारणपणे महिन्याला एक, पण त्याच्याकडे धावणारी पुरुषबीजं एका वेळी कोट्यवधी. त्यातलं कोणतं पोचेल हे काही क्षणांच्या फरकानं, शरीराच्या किंचितशा हालचालीनंही बदलतं. आता १९७५ मध्ये बंटीनं बापाला नुसती हाक मारली असं समजा. किशन दोन सेकंद थांबला. त्या दोन सेकंदांनी तो कोपऱ्यावर उशिरा पोचला, कुणाशी तरी दोन शब्द जास्त बोलला, रात्री पाच मिनिटं उशिरा झोपला. हे लहान लहान फरक वर्षानुवर्षं साठत गेले, तर ज्या क्षणी बंटीचं बीज रुजायचं तो क्षण जसाच्या तसा येईल, याची शक्यता शून्याच्या इतकी जवळ आहे की ती शून्यच म्हणावी. किशन-मालाच्या घरी पाळणा हलेल. पण त्यात निजलेलं मूल बंटीचं भावंड असेल, बंटी नसेल. ज्यानं लग्न सुधारायला हात घातला, त्यानं पहिल्या हाकेतच स्वतःला पुसून टाकलं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये या विचाराला व्यवस्थित रूप दिलं. आपला जन्म एका नेमक्या वेळेला बांधलेला आहे. ती टळली असती तर आपण उशिरा जन्मलो नसतो, जन्मलोच नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वाचकाला विचारलं, आगगाडीचा शोध लागला नसता तरी मी जन्मलोच असतो, असं तुमच्यापैकी कितीजण छातीठोकपणे म्हणू शकतील? हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या माणसानं स्वतःला विचारून पाहावा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. त्या रुळांवरून पुढे कोकणातले, देशावरचे, खानदेशातले लोक गिरण्यांत आणि कचेऱ्यांत आले. चाळी उभ्या राहिल्या, स्थळं सांगून आली, लग्नं झाली. आज मराठी बोलणारी किती माणसं त्या एका गाडीची लेकरं आहेत! आपल्यापैकी प्रत्येकजण हा असा लाखो नेमक्या क्षणांच्या ओळीतला शेवटचा क्षण आहे. ही जाणीव झाली की मला स्वतःच्या हाताकडे पाहतानाही नवल वाटतं.

भागवताच्या नवव्या स्कंधात बंटीच्या अगदी उलट दिशेची एक गोष्ट आहे, आणि तिच्यातही कालप्रवासाचं निमित्त लग्नच आहे. ककुद्मी राजा आपली मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. हिला योग्य वर कोण, एवढंच ब्रह्मदेवाला विचारायचं होतं. तिथं गंधर्वांचं गायन चाललं होतं, म्हणून बापलेक क्षणभर थांबले. गाणं संपलं, राजानं मनातल्या वरांची नावं सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसला. ते सगळे कधीच गेले, त्यांची मुलं, नातवंडं, पणतवंडंही गेली. तुम्ही थांबलात तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं. म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. खाली परतून ककुद्मीनं मुलगी बलरामाला दिली. विष्णुपुराण तर पुढे सांगतं की जुन्या युगातली रेवती फार उंच होती, म्हणून बलरामानं नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून आपल्या काळाच्या उंचीची केली. युगांतर झालेल्या जोडप्यात केवढी तफावत असेल याचा विचार त्या कथाकारानं केला होता, हे मला फार आवडतं.

ककुद्मी भविष्यात गेला, बंटी भूतकाळात. निसर्गाला यातला ककुद्मीचा रस्ता पूर्ण मान्य आहे.

१९०५ मध्ये आइनस्टाइननं दाखवलं की जो वेगानं हलतो त्याचं घड्याळ स्थिर राहणाऱ्याच्या मानानं हळू चालतं. १९१५ मध्ये त्यानं त्यात भर घातली: गुरुत्वाकर्षण जिथं जास्त, तिथंही काळ हळू चालतो. याचा पुरावा या क्षणी तुमच्या तळहातातून आरपार जातो आहे. विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात तेव्हा म्युऑन नावाचे कण तयार होतात, सुमारे १५ किलोमीटर उंचीवर. म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम दोन. प्रकाशाच्या वेगानं निघाला तरी एवढ्या आयुष्यात तो साडेसहाशे मीटर जाऊन मरायला हवा. तरी जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला दर मिनिटाला साधारण एक म्युऑन येऊन पोचतो. कारण त्याच्या अफाट वेगामुळे त्याचं घड्याळ आपल्या दृष्टीनं मंदावलेलं असतं. आपण त्याची कितीतरी आयुष्यं मोजतो, तो आपलं एकच जगतो. पुराणातला राजा जे गाणं ऐकताना जगला, तेच हा कण आपल्या डोक्यावरच्या आभाळात करतो.

१९७१ च्या ऑक्टोबरात हाफेले आणि कीटिंग या दोन शास्त्रज्ञांनी सिझियमची आण्विक घड्याळं साध्या प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीला फेरी मारून आणली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. तुमच्या फोनला रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह रोज आपल्या घड्याळांपेक्षा सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरहून जास्त चुकेल. आपल्या ‘नाविक’ यंत्रणेलाही हाच हिशेब ठेवावा लागतो. अंतराळात एकूण ८०३ दिवस राहिलेला रशियन अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्ह पृथ्वीवरच्या लोकांपेक्षा सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागानं कमी म्हातारा झाला. तेवढा तो भविष्यात आलेला माणूस आहे.

आणि २०१० च्या सप्टेंबरात, बंटीचा चित्रपट लागायच्या जेमतेम सहा आठवडे आधी, अमेरिकेतल्या प्रमाण-मापन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन अतिअचूक घड्याळांपैकी एक दुसऱ्यापेक्षा फक्त ३३ सेंटीमीटर उंच ठेवलं, तर ते अधिक वेगानं चालताना मोजता आलं. एखाद्या पायरीवर उभ्या असलेल्या आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचा काळ वेगळा! याचा हिशेब किशन-मालाच्या काळाला लावून पाहिला. समजा १९७५ ते २०१० अशी पस्तीस वर्षं एक कुटुंब तळमजल्यावर राहिलं आणि दुसरं तीस मीटर उंचीवर, दहाव्या मजल्यावर. तर वरचं कुटुंब खालच्यापेक्षा साडेतीन मायक्रोसेकंदांनी मोठं झालं. फरक नगण्य वाटेल, पण तेवढ्यात एका म्युऑनचा जन्म, आयुष्य आणि मृत्यू उरकून वेळ शिल्लक राहतो.

मग मागे जायचं कसं? इथं गोष्ट अवघड होते आणि म्हणूनच अधिक रंगते. १९४९ मध्ये आइनस्टाइनचा प्रिन्स्टनमधला सहकारी, तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यानं त्याच्याच समीकरणांतून एक विश्व काढून दाखवलं. ते सबंध विश्व गरगर फिरतं, आणि त्यात सरळ पुढे प्रवास करत गेलेला माणूस स्वतःच्या भूतकाळात येऊन पोचतो. आपलं विश्व तसं फिरत नाही. पण समीकरणं भूतकाळाचं दार बंद करत नाहीत, हे त्यानं सिद्ध केलं.

दुसरी वाट एका कादंबरीतून निघाली. कार्ल सेगन ‘कॉन्टॅक्ट’ लिहीत होते आणि नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे झटकन पोचवण्यासाठी त्यांना शास्त्रशुद्ध उपाय हवा होता. त्यांनी कॅलटेकमधले मित्र किप थॉर्न यांना विचारलं. थॉर्न अवकाशातल्या बोगद्याचं, ज्याला कृमिविवर म्हणतात, गणित मांडायला बसले आणि १९८८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की असा बोगदा कालयंत्रही होऊ शकतो. बोगद्याचं एक तोंड २०१० मध्ये घरी ठेवा. दुसरं यानात घालून प्रकाशाच्या जवळपास वेगानं फिरवून आणा. परत आलात तेव्हा घरी २०४५ साल उजाडलंय, पण फिरून आलेल्या तोंडाचं घड्याळ मंदावलं होतं, त्याला अजून २०११ च आहे. आता त्या तोंडातून आत शिरा, आणि घरच्या तोंडातून २०११ मध्ये बाहेर पडा. बोगदा उघडा ठेवायला ऋण ऊर्जेचं विलक्षण द्रव्य लागतं आणि ते पुरेसं कसं मिळवायचं हे कुणाला ठाऊक नाही. पण समजा मिळालं. तरी या यंत्राला एक अट आहे: ते जेव्हा सुरू झालं त्याच्या आधीच्या काळात ते कुणालाच नेऊ शकत नाही. दुसऱ्या टोकाला तोंडच नाही, तर बाहेर पडणार कुठून?

म्हणजे प्रोफेसर गोन्साल्विसांनी २०१० मध्ये यंत्र सुरू केलं असेल, तर बंटी १९७५ ला जाऊच शकत नाही. त्याला १९७५ गाठायचं असेल तर कुणीतरी १९७५ मध्ये, किंवा त्याआधी, यंत्र सुरू करून ठेवलेलं असलं पाहिजे.

इथंच मला एक गोष्ट जाणवली आणि ती सोडवत नाही. असं एक यंत्र आपल्याकडे खरंच आहे, आणि त्यालाही हीच अट लागू आहे: सिनेमाचा कॅमेरा. ज्या दिवशी तो सुरू झाला, त्या दिवसाच्या मागे तो नेऊ शकत नाही. १९७५ मध्ये तो सुरू होता, म्हणून त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला लागलेला ‘शोले’ आपण आजही बघतो आणि त्या उन्हातला धुळीचा कण न् कण दिसतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकात कॅमेरा नव्हता, तिथं हे दार नाहीच. विलक्षण म्हणजे एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ १८९५ मध्ये आली आणि ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला तोही १८९५ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी रॉबर्ट पॉल या इंग्रज तंत्रज्ञानं वेल्सच्या कादंबरीवरून, चित्रं आणि हलत्या आसनांच्या साहाय्यानं प्रेक्षकांना कालप्रवासाचा भास घडवणाऱ्या खेळासाठी पेटंटचा अर्जही केला होता. सिनेमा आणि कालयंत्र जुळी भावंडं म्हणून जन्मली. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएंचा खेळ झाला. आणि आपले दादासाहेब फाळके! ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावला आणि दिवसामागून दिवस एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कित्येक दिवसांत वाढलेला वेल पडद्यावर पाहता पाहता वर चढला. काळ दाबून आखूड करता येतो हे मराठी माणसानं आपल्या हातानं करून दाखवलं, आणि ते पाहूनच त्यांच्या पुढच्या चित्रपटाला भांडवल मिळालं.

यंत्राची ही अट लक्षात घेतली की स्टीफन हॉकिंग यांच्या एका प्रयोगाकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. २८ जून २००९ रोजी त्यांनी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली. खाद्यपदार्थ, शँपेन, फुगे, स्वागताचा फलक, सगळं तयार. निमंत्रण मात्र मेजवानी उरकल्यावर जाहीर केलं, म्हणजे भविष्यातूनच कुणी यायचं तर येईल. कुणीही आलं नाही. भूतकाळात जाणं निसर्गच अडवत असावा, असा त्यांचा तर्क होता. तो त्यांनी १९९२ मध्ये मांडला होता. पण २००९ पर्यंत कुणी यंत्र सुरूच केलेलं नसेल, तर पाहुण्यांना यायला दार कुठं होतं?

समजा दार मिळालं आणि बंटी गेलाच. तर मग त्या पुसून गेलेल्या जन्माचं काय? जोसेफ पोल्चिन्स्की या भौतिकशास्त्रज्ञानं हा पेच बिलियर्डच्या चेंडूवर आणून सोपा केला. चेंडू बोगद्यात जातो, थोडा आधीच्या काळात बाहेर पडतो आणि बोगद्याकडे येणाऱ्या स्वतःलाच असा धडकतो की तो बोगद्यात जाणारच नाही. मग बाहेर कोण आला? थॉर्न यांच्या दोन विद्यार्थ्यांनी याचं गणित सोडवलं आणि उत्तर इतकं सुंदर निघालं की ते वाचून मी थक्क झालो. बाहेर पडलेला चेंडू किंचित तिरका येतो, आधीच्या स्वतःला चाटून जातो, त्यामुळे तो चेंडू किंचित तिरका होतो, तरी बोगद्यात शिरतो, आणि तिरका शिरल्यामुळेच तिरका बाहेर पडतो. कुठंही विसंगती नाही. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांचं तत्त्व हेच सांगतं: भूतकाळात गेलात तरी तिथं तेच घडेल जे मुळात घडलं होतं, कारण तुमचं जाणंही त्या घडण्याचाच भाग होता.

हे तत्त्व चित्रपटाला लावलं तर? मग १९७५ मध्ये किशनच्या शेजारी कुठून तरी उपटलेला तो अनोळखी तरुण पहिल्यापासूनच होता. बंटी लहानपणापासून ज्या भांडणात वाढला, ते भांडण बंटीच्याच मध्यस्थीनं झालेल्या लग्नाचं होतं. किशनला त्यानं जो माणूस बनवला तो माणूस मालाच्या प्रेमाला पात्र ठरला, पण तो खरा किशन नव्हता. लग्नानंतर मुखवटा उतरला आणि घरात वादळ सुरू झालं. मुलगा ते शमवायला मागे गेला आणि त्याच्या जाण्यातूनच ते उठलं. या गोष्टीत बंटीचा जन्म मात्र सुरक्षित आहे, ७० लाख कोटींतली त्याची एक चिठ्ठी हमखास निघते, कारण त्याची प्रत्येक हाक आधीपासूनच हिशेबात आहे.

दुसरं उत्तर मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा मुंबईत जाऊन पडतात जिथं मराठे पानिपतावर जिंकले होते. फरक एवढाच की विश्वासरावांना लागायची गोळी त्या जगात चाटून गेली. गोळी बोटभर सरकली आणि सबंध हिंदुस्थानचा इतिहास फिरला. बीज, हाक, गोळी: सगळीकडे तोच हिशेब. ती दोन्ही जगं खरी, शेजारी शेजारी, पुंजभौतिकीच्या शक्यतांतून फुटलेली. ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइश यांनी १९९१ मध्ये कालप्रवासाला हीच कल्पना लावली: भूतकाळात जाणारा माणूस ज्या भूतकाळात पोचतो तो त्याचा स्वतःचा नसतो, एका नव्या फांदीचा असतो. तिथं काहीही बदलता येतं आणि बदलूनही तुम्ही पुसले जात नाही, कारण तुमचा जन्म जुन्या फांदीवर झालेला आहे.

बंटीसाठी हा सर्वांत सोयीचा मार्ग. १९७५ मध्ये तो हवी तेवढी ढवळाढवळ करू शकतो. पण मग परतताना तो कुठल्या २०१० मध्ये येतो? नव्या फांदीवरच्या. तिथं किशन आणि माला एकमेकांवर जीव टाकतात, घर हसतं आहे. त्यांना पस्तीस वर्षांत एखादं मूलही झालेलं असणार, आणि गुणसूत्रांचा हिशेब सांगतो की ते मूल बंटी नाही. त्याच आईबापांचा, त्याच घरातला, वेगळ्या चेहऱ्याचा मुलगा किंवा मुलगी. बंटी बेल वाजवेल तेव्हा दार तेच मूल उघडेल आणि विचारेल, कोण हवंय आपल्याला? किशन-माला आतून डोकावतील. हा चेहरा त्यांना ओळखीचा वाटेल, १९७५ मध्ये आपलं लग्न जुळवून अचानक नाहीसा झालेला तो तरुण, आणि एका दिवसानंही म्हातारा न झालेला. आणि जुन्या फांदीवर, जिथून तो निघाला होता, तिथले किशन आणि माला अजून एकमेकांना बोल लावत असतील, पोलीस ठाण्यात जाऊन मुलगा हरवल्याची तक्रार नोंदवत असतील.

तिकडचं ते भांडण त्यानंतर मिटलं की आणखी पेटलं, हे बंटीला कधीच कळणार नाही. त्या फांदीकडे जाणारा रस्ता डॉइश यांच्या गणितातही सापडत नाही.